सुई, राजे आणि झिपऱ्या

आभाळ भरून आलेल्या एका दुपारी तो आत्याच्या शिवणाच्या दुकानात शिरला. अंगात काळा कोट, बाही खांद्यापाशी उसवलेली, आणि चेहरा इतका फिकट की नुकताच आजारातून उठला असावा.

“एवढी बाही... लगेच झाली तर उपकार होतील.”

“उपकार राहू देत. आरशासमोर उभे राहा,” सुई म्हणाली. अंगानं बारीक आणि बोलायला टोकदार, म्हणून सगळे तिला सुईच म्हणत. वय सतरा, आणि आत्याच्या हाताखाली ती शिवण शिकत होती.

तिनं बाहीला टाचणी लावली, मान वर केली, आणि आरशात ती एकटीच उभी होती! टाचणी थेट बोटात गेली. रक्ताचा थेंब वर आला, तसा त्या मुलानं तोंड फिरवून रुमाल नाकाला लावला.

“आधी पट्टी बांधा... कृपा करून.”

“तू... व्हॅम्पायर आहेस?”

“हो. पण माणसांना त्रास देत नाही. खाटकाकडून आणतो,” तो ओशाळून म्हणाला.

पळायचं सोडून सुईला हसूच फुटलं. तो मात्र हसला नाही. बाही शिवून झाल्यावर त्यानं हळूच विचारलं, “मी दिसतो कसा? फार वर्षं झाली, पाहिलं नाही.”

इतकं साधं, इतकं एकटं काही तिला कुणी कधी विचारलं नव्हतं. ती बघत राहिली.

“नाक सरळ आहे. डावी भुवई जरा चढलेली, त्यामुळे आगाऊ वाटतोस. आणि डोळे —”

“डोळे काय?”

“ते पुढच्या वेळी सांगते.”

पुढची वेळ लवकरच आली. ऊन नसलं की तो हजर. कधी बटण तुटलेलं, कधी खिसा फाटलेला. बटणं काही आपोआप इतकी तुटत नाहीत, हे तिलाही कळत होतं. त्याच्या जुन्या अदबीच्या बोलण्यावरून ती त्याला ‘राजे’ म्हणू लागली, आणि आभाळ भरलं की दाराकडे बघू लागली.

ही गोष्ट पहिल्यांदा ओळखली झिपऱ्यानं. शेजारच्या बेकरीवाल्याचा हा मुलगा, सुईचा लहानपणापासूनचा सोबती. ज्या वर्षी त्याचा आवाज फुटला, त्याच वर्षापासून तो पौर्णिमेला लांडगा होऊ लागला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी सदऱ्याच्या चिंध्या घेऊन, कान लाल करून तो दुकानात यायचा. आत्या त्या घेऊन मशीन सुरू करायची.

“कोण आलं होतं?” एकदा त्यानं हवेत नाक फुगवून विचारलं. “बंद ट्रंकेचा वास येतोय.”

“गिऱ्हाईक.”

“गिऱ्हाइकाचं नाव काढल्यावर गाल लाल होतात?”

“तुझ्या केसांत पीठ आहे. ते झटक आधी.”

त्यानं झटकलं नाही. तसाच निघून गेला. त्या दिवशी सुईच्या हातून शिवण सारखी वाकडी जात राहिली.

शेवटी दोघं समोरासमोर आले. झिपऱ्या दारात गुरगुरला, राजेंनी ओठ मागे ओढून सुळे दाखवले.

“तिच्यापासून लांब राहा!”

“हे सांगणारा तू कोण?”

सुई कापड मोजायचा गज उगारून मधे पडली. “माझ्यासाठी भांडताय, आणि मला कुणी विचारलंय का? व्हा बाहेर, दोघंही!”

राजे मान खाली घालून बाहेर पडले, आणि नेमके तेव्हाच ढग पांगले. लख्ख ऊन रस्त्यावर उतरलं. राजेंचा हात पोळला, ते पायरीवरच कोसळले. सुई किंचाळली. पण तिच्याआधी झिपऱ्या धावला होता. फळीवरचा काळ्या कापडाचा अख्खा तागा ओढून त्यानं राजेंना त्यात गुंडाळलं आणि उचलून आतल्या खोलीत आणलं. खिडक्या लावल्या. मग म्हणाला, “थंड पाणी लाव हाताला. मी बाहेर थांबतो,” आणि खरंच बाहेर जाऊन थांबला.

अंधाऱ्या खोलीत सुईनं राजेंच्या हातावर ओली पट्टी ठेवली.

“माझ्याबरोबर चल,” ते म्हणाले. “तूही अशीच राहशील. कायमची सतरा वर्षांची.”

तिला मोह झाला नाही असं नाही, खूप झाला.

“तुला हवं होतं हे?” तिनं विचारलं.

“मला कुणी विचारलं नव्हतं. म्हणून तुला विचारतोय.”

दाराच्या फटीतून दिसलं, शेजारच्या खोलीत आत्या सुईत दोरा ओवत होती. दोरा पुन्हा पुन्हा चुकत होता, डोळे आता साथ देत नव्हते. सुई ते बघत राहिली. आपणही एक दिवस अशाच डोळे बारीक करून बसू, हे मनात आलं, आणि तिला त्याची भीती वाटली नाही.

“नाही,” ती म्हणाली. डोळ्यांतलं पाणी तिनं पुसलं नाही. “तू मला आवडतोस. पण मला मोठं व्हायचंय, राजे.”

त्यांनी मान हलवली. “डोळ्यांचं सांगायचं राहिलं होतं.”

“सुंदर आहेत. आणि दमलेले.”

ऊन गेल्यावर ते निघाले, वळून न बघता.

झिपऱ्या पायरीवर गुडघे पोटाशी घेऊन बसला होता. सुई शेजारी टेकली.

“गेला?”

“गेला.”

“चांगला होता गं,” तो जड आवाजात म्हणाला. मग बराच वेळ नखं कुरतडत राहिला. “मी... महिन्यातून एक रात्र मी माणसात नसतो, सुई.”

“माहितेय. तू म्हातारा होशील का रे पण?”

“होणारच की! आमचे आजोबा बघ. अंगभर पांढरेशुभ्र झालेत.”

तिनं त्याच्या केसांतलं पीठ हलक्या हातानं झटकलं. हात तिथंच राहू दिला.

“बघायचंय मला,” ती म्हणाली.