लोंबत्या रिकिबी

मनोरच्या बाजारात मी त्या दिवशी हरभरा आणि सुती दोर घ्यायला गेलो होतो. दुकानदाराने विचारलं, कुठे वरात आहे का? म्हटलं, नाही, आमच्या शेठला जंगलात झोपायचंय. तो पोट धरून हसला. मला हसता येईना, कारण त्या झोपण्याची सगळी हमाली माझ्याच गळ्यात होती.

बसा. दिवा जरा इकडे सरकवा. तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, नाहीतर माणसांशी फार बोलावं असं मला वाटत नाही. उभा जन्म पुण्यात शर्यतीच्या घोड्यांच्या पागेत गेला. मुलगा मनीष बोईसरला कारखान्यात लागला म्हणून इकडे आलो. सूनबाई म्हणाल्या, मामंजींच्या अंगाला घोड्याचा वास येतो. खरं होतं. मग मी बेटेगावला निमेश शेठच्या पागेतच मुक्काम टाकला. घोड्यांना माझा वास चालतो.

निमेश शेठचा प्लास्टिकच्या बादल्यांचा कारखाना. एका वर्षी सारंगखेड्याच्या घोडेबाजारात गेले आणि चार घोडे घेऊन आले. दात बघितले नाहीत, खूर बघितले नाहीत. साडी घ्यावी तसे रंग बघून घेतले. त्यातली पांढरी घोडी म्हणजे साखर. आणली तेव्हाच म्हातारी होती आणि तिचा दम गेलेला होता. जनावरांच्या डॉक्टरांनी तिच्या छातीला नळी लावून सांगितलं, "खंडेराव, हिला चालवा, पण पळवू नका. एखादी मोठी दौड झाली तर हिचं हृदय थांबेल." तेव्हापासून साखरेवर लहान मुलांखेरीज मी कोणाला बसू दिलं नाही. या पंचक्रोशीत मी मान देतो असा तो एकच जीव. बाकी तीन घोडे मूर्ख आहेत आणि माणसांबद्दल न बोललेलं बरं.

शेठच्या डोक्यात आलं की गिऱ्हाइकांसाठी जंगलात घोड्यांसकट रात्रीचा मुक्काम सुरू करायचा. आधी घरच्या माणसांची दोन रात्रींची तालीम. शेठ, त्यांच्या बायको हिमानीताई आणि शेठचा मित्र सुजीत. हा सुजीत घोड्यावर चढताना घोड्यालाच "एक्सक्यूज मी" म्हणाला होता. वाघोबा खिंडीच्या अलीकडे सागाच्या जंगलात एक जुनी गाडीवाट आहे, तिच्या कडेला सपाट जागा बघून तंबू ठोकले. लाकूडफाटा आणि पाणी आणायला जवळच्या पाड्यावरचा नवशा होता. तो हंडा ठेवायचा आणि झाडाला टेकून मोबाईल बघत बसायचा.

मोहाची फुलं पडायचे दिवस. त्या गोड, आंबूस वासाने जंगल भरलेलं, आणि वारा फिरला की मधूनच बोईसरच्या कारखान्यांचा उग्र भपकारा. मी घोडे आगाडी-पिछाडी बांधले. म्हणजे मानेचे दोर पुढच्या खुंट्यांना आणि मागच्या पायांचे दोर मागच्या खुंट्यांना. असं बांधलेलं जनावर बसू शकतं, उठू शकतं, जाऊ मात्र शकत नाही. खोगिरं, लगाम उतरवून फळीवर ठेवले. रिकिबी, म्हणजे पाय ठेवायच्या लोखंडी कड्या, वर सरकवून त्यांचे पट्टे आत खोचले.

"खोगीर काढलंत तरी रिकिबी कशाला खोचायच्या?" शेठनी विचारलं.

"आमच्या पागेचा रिवाज आहे. रात्री रिकीब लोंबती ठेवायची नाही. आणि रिकामं खोगीर घोड्याच्या पाठीवर तर मुळीच ठेवायचं नाही."

"का?"

"लोंबती रिकीब म्हणजे या, बसा. कोण येऊन बसेल ते आपल्या हातात नसतं."

शेठ खो खो हसले. सुजीतला हाक मारून त्यांनी मला ते पुन्हा सांगायला लावलं, मोबाईल समोर धरून. मी सांगितलं नाही. गाढवाला गुळाची चव काय.

मी लवकर झोपतो. त्या रात्रीही झोपलो. मग काय घडलं ते हिमानीताईंनी दुसऱ्या दिवशी रडत सांगितलं. चंद्र वर आल्यावर शेठना फोटो काढायची हुक्की आली. पांढरी घोडी, मागे चांदणं, पुढे शेकोटी. त्यांनी स्वतःच्या हाताने साखरेवर खोगीर चढवलं, लगाम घातला, रिकिबी खाली सोडल्या, कारण वर खोचलेल्या फोटोत बऱ्या दिसेनात. फोटो काढले आणि सगळं तसंच ठेवून शेठ तंबूत जाऊन घोरायला लागले.

पहाटे मला जाग आली ती शांततेने. घोड्यांच्या रांगेत रात्रभर काही ना काही आवाज असतो. फुरफुर, शेपटीचा फटका, खुरांची हालचाल. त्यातलं काही नव्हतं. तिन्ही मूर्ख घोडे माना एकाच बाजूला वळवून, गाडीवाटेकडे बघत उभे होते. साखरेच्या जागी साखर नव्हती. खुंट्या जागच्या जागी होत्या. दोरांच्या गाठीही मी मारल्या तशाच, आणि फास रिकामे.

मी वाटेवर धावलो. फार लांब जावं लागलं नाही. ती समोरून येत होती, मान टाकून, एकेक पाऊल मोजत. अंगावर फेस, पोटावर टाचांचे ओरखडे. लगाम इतका ओढलेला की तोंडाचे दोन्ही कोपरे फाटले होते. तिने माझ्या छातीवर कपाळ टेकलं आणि तिचं हृदय मला माझ्या हाताखाली धडधडताना जाणवलं. मला भीती वाटली नाही. मला संताप आला. कसला हा स्वार! ज्याला लगाम हलका धरता येत नाही, त्याने घोड्याच्या जवळ फिरकू नये, मग तो जिवंत असो की कोणी असो.

रिकिबींचे पट्टे कोणीतरी आखडून घेतले होते, शेवटच्या भोकापर्यंत. तेवढंही पुरलं नसावं, म्हणून वर एक गाठ मारलेली. एवढे आखूड पाय आमच्यात कोणाचेच नव्हते. आणि खूर साफ करायला उचलला तर त्यात काळा, चिकट चिखल. सागाच्या जंगलात चैत्रात चिखल कुठला? हुंगून बघितला. खाडीचा. एका वरातीत नुसती पुढे मिरवायला मी साखरेला टेंपोतून खाडीकाठच्या दातिवऱ्याला नेलेली आहे, तो वास मला ठाऊक आहे. चिखलात एक शिंपली रुतली होती, ओली. आमच्या मुक्कामापासून एका रात्रीत दातिवऱ्याला जाऊन यायचं म्हणजे तरणा घोडाही आडवा होईल.

नवशाला दाखवलं. त्याने खुराकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"तुमी इचारता म्हणून सांगतो. आमचा देव वाघोबा. वाघाचा काय असंल तं आमाला ठावा हाय. घोड्याचा आमच्यात काय नाय."

"मग हे काय आहे?"

"मला काय ठावा? मी घरा चाललो. पाणी भरून ठेवलाय."

आणि तो गेला. मला वाटलं होतं, निदान एखादा नारळ फोडायला सांगेल. तेवढंही नाही.

शेठचं मत असं पडलं की घोडी सुटली, डबक्यात लोळली आणि परत आली. गाठी न सुटता कशी सुटली, या प्रश्नावर ते म्हणाले, "खंडेराव, तुमचं वय झालं. गाठी नीट बसल्या नसतील." मी म्हटलं, आज परत जाऊ. ते म्हणाले, तालीम दोन रात्रींची ठरली आहे. मी म्हटलं, मग साखरेला घेऊन मी एकटा जातो. पण तिचे पाय लटपटत होते. डांबरी रस्त्यापर्यंतही ती चालली नसती. अजून एक तशी रात्र झाली तर ती मरणार, हे मला दिसत होतं, आणि तिला हलवताही येत नव्हतं.

संध्याकाळी चारही खोगिरं, लगाम मी शेठच्या जीपमध्ये घातले, जीपला कुलूप लावलं आणि किल्ली माझ्या कनवटीला. साखरेचा तोबरा भरला, गूळ कालवलेला हरभरा. तिने तोंड लावलं नाही. मी चपला काढून तिच्या पुढ्यात बसलो. कंदील शेजारी. शेठ आणि सुजीत मला बघून एकमेकांना कोपराने ढोसत होते. हिमानीताई तेवढ्या आल्या आणि माझ्या खांद्यावर घोंगडी टाकून गेल्या. बाई बरी आहे. नवऱ्याच्या निवडीत चुकली एवढंच.

रात्र चढली. आधी रातकिडे थांबले. मग मोहाचा वास गेला. हळूहळू नाही, ताटावर झाकण ठेवल्यासारखा गेला, आणि त्या जागी खाडीचा वास आला. जुनं मीठ, कुजकी मासळी, चिखल. कंदिलाची वात सरळ उभी राहिली.

पलीकडच्या टोकाचा घोडा थरथरला. मग त्याच्या अलीकडचा. मग तिसरा. कोणीतरी रांगेतून चालत येत होतं, प्रत्येकाच्या पाठीवर हात फिरवत, घोडेबाजारात गिऱ्हाईक फिरवतं तसा. पावलांचा आवाज नव्हता. फक्त ओल्या पायांखाली सागाची पानं दबत होती...

जीपमधून आवाज आला. टिण्. लोखंडाचा. पुन्हा टिण्. बंद जीपमध्ये रिकिबी हलत होत्या.

साखरेने डोळे मिटले. तिची पाठ खाली गेली. रिकिबीत पाय देऊन माणूस वर चढतो तेव्हा घोड्याची पाठ जशी एका बाजूने दबते, तशी. खोगीर नव्हतं, काही नव्हतं. मानेवरची आयाळ कोणीतरी मुठीत धरली. मला ती धरलेली दिसली. मूठ दिसली नाही.

मी उठलो. घाबरलो होतो, खोटं कशाला सांगू. पण तोंडाला सवय एकच, खडसावायची.

"उतर," मी म्हटलं. "उतर खाली. स्वार म्हणवतोस? लाज नाही वाटत? म्हाताऱ्या, दम गेलेल्या घोडीवर मर्दुमकी गाजवतोस... लगाम धरायची अक्कल नाही, टाच कुठे मारावी याची अक्कल नाही. पन्नास वर्षांत तुझ्याइतका भिकार स्वार मी पाहिला नाही."

काही हललं नाही. साखरेचा श्वास शिट्टी वाजावी तसा येत होता.

"तिला सोड," मी म्हटलं. आवाज माझाच, पण आता त्यात जोर नव्हता. "तिला सोड... बसायचंच असेल तर माझ्यावर बस. बघू तरी, किती पळवतोस."

साखरेची पाठ वर आली. आयाळ मोकळी झाली. तिने एक मोठा श्वास घेतला, तोबऱ्यात तोंड घातलं आणि हरभरा चावायला लागली. तो आवाज ऐकून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, गेलं. शिव्यांना भुतंही भितात, असं मी ऐकून होतो.

मग माझ्या बरगड्यांना दोन्ही बाजूंनी काहीतरी टेकलं. ओलं आणि गार. ते हळूहळू आवळलं गेलं.

पुढचं मला आठवत नाही, आणि आठवायचा मी प्रयत्नही करत नाही.

भान आलं तेव्हा फटफटलं होतं. मी पडलेलो नव्हतो. मी उभा होतो, घोड्यांच्या रांगेत, मोकळ्या खुंटीजवळ, मान टाकून. धोतर मांड्यांपर्यंत चिखलाने काळं. तोंडात लोखंडाची चव. ओठांचे दोन्ही कोपरे फाटले होते, आणि डाव्या पायाच्या बोटांच्या बेचक्यात एक शिंपली रुतलेली होती. शेजारी साखर उभी होती, कोरडी, ताजीतवानी. तिचा तोबरा रिकामा होता.

शेठ म्हणाले, खंडेराव रात्री कुठेतरी जाऊन ढोसून आले. हिमानीताई पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. त्या तंबूच्या दारात पहाटेपासून जाग्या बसल्या होत्या, त्यांनी मला वाटेवरून येताना बघितलं होतं.

"काका..." त्या म्हणाल्या, "तुम्ही एकटेच आलात ना?"

मी हो म्हटलं. पण त्या माझ्या तोंडाकडे बघत नव्हत्या. तांब्या माझ्या हातात देताना त्यांनी मान वर केली होती.

शेठचा धंदा जोरात आहे. दर शनिवारी माणसं येतात, फोटो काढतात. हिमानीताईंनी त्यांना काय सांगितलं कोण जाणे, रिकिबी आता शेठ स्वतः खोचतात, पण त्या रात्रीचं मला विचारायची त्यांची हिंमत होत नाही. साखर पागेतच असते. तिच्यावर कोणी बसत नाही, तिची तब्येत सुधारली आहे. डॉक्टर म्हणाले, अजून पाच-सहा वर्षं सहज काढेल. एवढं तरी झालं. मनीष कधीमधी पागेत मुक्कामाला येतो, म्हणतो, बाबा, तुम्ही रात्री झोपेत पाय का चालवता? ठोंब्या आहे. त्याला काय सांगायचं.

एकच गोष्ट आहे. पूर्वी मी चंदी घेऊन गेलो की साखर माझ्या खिशात तोंड खुपसायची, गुळाचा खडा शोधायला. आता मी गूळ तळहातावर धरून उभा राहतो. ती कान टवकारते, मान लांब करते, आणि माझ्या हाताकडे ढुंकूनही न बघता माझ्या डोक्यावरून, हातभर उंच, दुसऱ्याच कोणाचा तरी हात हुंगत राहते.