कापूस वेचणारीचा गाल

नांदुरा स्टेशनवर गाडी बरीच उशिरा आहे असं कळलं, म्हणून प्राची वेळ काढायला कापसाच्या जिनिंगमागच्या कलादालनात शिरली. चिखलीच्या कनिष्ठ महाविद्यालयात ती रसायनशास्त्र शिकवायची. संगमरवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, एवढीच तिची त्याच्याशी ओळख.

आत पत्र्याखालचा उकाडा आणि सरकीचा तेलकट वास होता. चित्रांवरून फिरणारी तिची नजर खिडकीपाशी थांबली. तिथे संगमरवराची एक बाई वाकून कापूस वेचत होती. ओटीतला कापूसही दगडाचाच, पण फुंकर मारली तर उडेल असा. कोपराच्या खळीत उजेड दगडात जरा आत जाऊन मग परतत होता. प्राची पिशवी खाली ठेवून बघतच राहिली. दगडाकडे बघून असं काही होतं, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

मग तिने चेहरा पाहिला. डावा गाल खरबरीत, नाकाचा शेंडा बोथट.

"हे कशानं झालं?"

झाडलोट करणाऱ्या सुभद्राबाई म्हणाल्या, "लोक देवी समजून हळदीकुंकू लावतात ना बाई तिले. मंग मी घासतो, घरच्या देवावानी. चिंच लावतो, लिंबू चोळतो."

"अहो मावशी, चिंचेनं पितळ उजळतं. हा दगड विरघळतो!"

"आगं माय! म्हून फेस ये का? मले वाटे, मळ निघून राह्यला."

दालनाचे मालक नारायणराव दारातून म्हणाले, "आता काय उपयोग, मॅडम? पुजलेली मूर्ती, अन् खंडित झाली. ठेवत नसतात. संध्याकाळी इंद्रभान ट्रॅक्टर घेऊन येऊन राह्यला. पूर्णेत सोडून देतो."

"मी नीट केली तर? रसायनशास्त्र शिकवते मी."

"तुम्ही? फळ्यावर शिकवाल का तिले?" ते हसले. "करा. पण नाक दिसलं पाह्यजे बरं. नकटी नाही ठेवत मी."

घासून गाल गुळगुळीत होईल, झिजलेलं नाक परत येणार नाही, हे प्राचीला पक्कं ठाऊक होतं. तरी तिने गाडी सोडली. बाजारातून बारीक पॉलिशपेपर आणला. ओठापासून नाकाच्या शेंड्यापर्यंत दोरा धरून गाठ मारली, घासताना नाक आणखी झिजलं तर कळावं म्हणून. मग पाणी लावत हलक्या हाताने गोल गोल घासू लागली.

गाल नितळ होत चालला. पण दगडाच्या भुकटीने घमेल्यातलं पाणी दुधाळ व्हायला हवं होतं, ते होत नव्हतं. तिने कागद बदलला. पाणी स्वच्छच राहिलं.

दगड कोमट लागत होता. खिडकीतलं ऊन, ती स्वतःशी म्हणाली.

"बाई," सुभद्राबाई हळूच म्हणाल्या, "ऊन तं कव्हाच तिकडं सरकलं."

प्राची घासतच राहिली. हात थांबवावासा वाटत नव्हता. बोटांखाली हनुवटी, ओठ, नाकपुडीची पातळ कड.

कड?

तिने दोरा धरला. गाठ शेंड्यापर्यंत पोचेना.

पुन्हा धरला. पोचेना.

बाहेर ट्रॅक्टर थांबला. नारायणराव आत आले, मूर्तीसमोर उभे राहिले. त्यांनी वाकून नाक पाहिलं. मग त्यांनी डोक्यावरची टोपी काढली.

"इंद्रभान! वापस ने बे ट्रॅक्टर! कुठीच जात नाही आता हे!"

सुभद्राबाईंनी कडाकडा बोटं मोडून दृष्ट काढली. प्राची मोठ्याने हसली, वर्गात पहिली आल्यासारखी. जिथे जिथे संगमरवर असेल तिथे तिथे आता आपण जाणार, हे तिला त्याच क्षणी कळलं. दंड भरून आले होते, आणि इतकं हलकं तिला कधी वाटलं नव्हतं.

निघण्याआधी तिने मूर्ती कोरड्या फडक्याने टिपून घेतली. कानामागे तिने हात लावलेला नव्हता. तिथे एक थेंब होता. तिने तो पुसला.

तिथेच दुसरा आला.

प्रयोगशाळेत मुलांना ती जे कधीच करू देत नसे, ते तिने केलं. थेंब बोटावर घेऊन जिभेला लावला.

खारट होता.