शेवंती कुणी नेली?

झोपेत स्वरूपाला पोटाशी ऊब लागत होती. पांढरी शेवंती तिच्या कुशीत पंख पसरून बसली होती, कुर्र कुर्र करत होती, आणि तिच्या पंखाखालून आख्खं निमगाव केतकी पिल्लासारखं डोकावत होतं.

जाग आली. ती पडवीत आली, तर डालं आडवं पडलेलं. शेवंती नाही, अंडी नाहीत, अंड्यांखालची पेंढ्याची पाटीसुद्धा नाही. धुक्यात नुसती पांढरी पिसं.

"मुंगसानं नेली असंल," आई मनिषा म्हणाली आणि चुलीकडं वळली.

"कसलं मुंगूस? अल्त्याचं काम हाय!" तिचे वडील, रणजितअप्पा, ओरडले. "काल सांजचं अंगणात घुटमळत होता. दुकानाला टाळंच ठोकतो त्याच्या!"

अल्ताफचं गावात चिकनचं दुकान. कोंबडी हरवली की बोट त्याच्याकडं. डोकं चालवायचे कष्ट वाचतात.

एसटी स्टँडच्या भिंतीवरचा नंबर स्वरूपाला पाठ होता. 'गुप्त तपास, बारामती.' आईच्या फोनवरून तिनं तो लावला. "माझी कोंबडी चोरलीय. ती खायची न्हाय, माझी हाय."

वालचंदनगरचं काम आटोपून तपासनीस रोहिणी खोमणे दुपारी आली. गाडी चालवणारा तिचा सहकारी दीपक वैतागला होता.

"कोंबडीचा तपास? लोक हसतील, मॅडम."

"हसू देत. ही पोर हसत नाहीये."

रोहिणीनं एक पीस उचलून स्वरूपाला दिलं. "वास घे."

पीस चिकट, मऊ पडलेलं होतं. "गरम पाण्याचा वास. अल्ताफचाचाच्या दुकानात येतो तसला."

"मिटलं!" दीपकनं टाळी वाजवली. "अल्ताफच."

"थांब की जरा. स्वरूपा, अंड्याचा रस सांडला होता? कवची?"

"कायच न्हाय."

"शेवंती टोचते?"

"अंडी उबवतीय, खुडूक हाय ना! अप्पांचं बोट फोडलंय तिनं. मी आन् आई सोडून कुणी जवळ गेलं की किंचाळती."

"आणि रात्री?"

"न्हाय किंचाळली."

आई हातात पाण्याची वाटी घेऊन कडब्याच्या गंजीकडं चालली होती.

"वहिनी, तुमच्या कढीपत्त्याला खत काय घालता?" रोहिणीनं हटकलं.

"कालच पिसं पुरली की," मनिषा घाईनं म्हणाली. रोहिणी रोपाजवळ वाकली. बुंध्याची माती सुकून टणक झाली होती, वर भेगा.

अल्ताफला बोलावलं. तो आला तो तापूनच.

"पिसं माझ्या दुकानातली असतील. खताला बाया फुकट नेतात. पण रणजितराव, काल तुमीच बोलावलं ना मला, कोंबडी बघायला? रविवारी पावणे येणार, तुमीच येऊन कापा, म्हणालात!"

गावात कोंबडं-बकरं कापायला अल्ताफसारख्या मुलाण्याला बोलवायची रीत. स्वरूपाला ती ठाऊक होती. पण आपल्या शेवंतीसाठी? अंगण पाण्याखाली गेल्यासारखं तिला सगळं हळू, लांब दिसायला लागलं. अप्पांचं तोंड हलत होतं.

"घरची कोंबडी हाय. त्यात काय एवढं?"

"ती अंड्यांवर बसलीय, अप्पा!"

"बसली म्हणून काय झालं?"

रोहिणी मध्ये उभी राहिली. "ऐका आता. मुंगसानं अंडी इथंच फोडली असती. मुंगूस पाटी उचलत नाही, आणि पिसं गरम पाण्यात बुडवत नाही. म्हणजे माणूस. अल्ताफभाई? कोंबडी रविवारी त्यांच्या हातात आपोआप येणार होती, चोरतील कशाला? आणि खाणारा चोर कोंबडी नेतो, पेंढ्यासकट घरटं नेत नाही. नेणाऱ्याला अंडी उबायला हवी होती."

"मग कोण?" दीपक.

"जिला बघून शेवंती किंचाळत नाही ती. स्वरूपा मला फोन करते, म्हणजे ती नाही. उरलं कोण? जिनं खताला म्हणून पिसं आणली, पण रोपाची माती उकरलीच नाही, मुंगसाचं नाव पुढं करायला ती इथं पसरली. जी कडब्याकडं जाताना प्यायचं पाणी नेते. कडबा पाणी पितो का, वहिनी?"

मनिषानं वाटी पदराआड धरली.

"मला का न्हाय सांगितलं, आई?"

"तुझ्या तोंडावर सगळं दिसतं गं. ह्यांना लगेच कळलं असतं."

"आणि त्यापायी अल्ताफभाईंचं दुकान बंद पडलं असतं, तर?" रोहिणीनं सरळ विचारलं.

मनिषानं मान खाली घातली. "चुकलं माझं, भाऊ. मी मुंगसावर ढकलत होते. ह्यांनी तुमचं नाव घेतलं तवा तोंड उघडायला पायजे होतं."

रणजित गंजीकडं निघाले. मनिषा आडवी आली. लग्नाला बारा वर्षं झाली, ती कधी आडवी आली नव्हती.

"सरक."

"न्हाय सरकणार. आधी अल्ताफभाईंची माफी मागा."

स्वरूपा धावत जाऊन आईच्या कडेला उभी राहिली. अल्ताफही हाताची घडी घालून शेजारी आला. "मला सुरी घेऊन बोलवू नका, रणजितराव. अंड्यावरची मी कापत न्हाय."

रणजितनी तिघांकडं पाहिलं.

"चुकलो, अल्ताफ," ते पुटपुटले.

मग खिशातून फोन काढून त्यांनी नंबर लावला. "पावणं, रविवारी या. व्हय, या की." त्यांनी आवाज खाली आणला. "पिठलं हाय."