डाव्या बाजूची शिम

दार ओढून घे रे, वारा येतोय. आणि ऐकायचं असेल तर मधेमधे खिदळायचं नाही. ही काही चार तोंडांनी फिरून आलेली गोष्ट नव्हे, आपल्या फिटरची आहे. तुम्ही ओळखता त्याला. सावलीलासुद्धा मोजपट्टी लावणारा माणूस. भुताचं नाव काढलं की हसायचा. आता हसत नाही.

मागच्या थंडीतला डिसेंबर, दुसरा शनिवार. रविवारी फिटरच्या मुलीचं लग्न. ती रुंद मडगार्डांची जुनी गाडी आहे ना, तिचा मालक म्हणाला होता, "पोरीला आपल्या गाडीतून सासरी पाठवू. फक्त मागून घरघर येते, तेवढी काढ." सासर घाटाखाली. फिटरचा आनंद गगनात मावेना. लहानपणी हीच पोरगी त्या गाडीची मडगार्डं पुसत बसायची.

आता थोडं समजून घ्या, नाहीतर पुढचं कळायचं नाही. त्या गाडीचा मागचा ॲक्सल तीन तुकड्यांचा. मधे गिअरचा गोल डबा, दोन्हीकडे कर्ण्यासारख्या दोन लोखंडी नळ्या, आणि नळ्यांमधून चाकांकडे जाणारे दांडे. नळी आणि डबा यांच्या मधे पितळेच्या पातळ, कागदासारख्या कड्या घालतात. त्या शिम. एक जास्त झाली तर गिअर खडखडतात. एक कमी पडली तर बेअरिंग आवळतं, तापतं, आणि घाटात चाक जागच्या जागी धरतं. पुढचं सांगायला नको.

हे काम दोघांचं. एकानं नट आवळायचे, दुसऱ्यानं पलीकडच्या टोकाचा दांडा हातानं फिरवत राहायचं आणि नेमका ताण आला की म्हणायचं, "थांब." हे 'थांब' म्हणायचं काम वस्तादांचं. फिटरला पाना धरायला त्यांनीच शिकवलं. शेवटी शेवटी त्यांचा हात थरथरायला लागला. एकदा गिऱ्हाइकासमोर फिटरच्या तोंडून निघून गेलं, "वस्ताद, आता घरी बसा तुम्ही." वस्तादांनी पाना पुसून जागेवर ठेवला आणि गेले. पुन्हा गॅरेजची पायरी चढले नाहीत. वर्षभरात वारले. फिटरला ते फार लागलं होतं, पण गेलेल्या माणसाची माफी कशी मागायची?

तर त्या रात्री तो एकटाच होता. ॲक्सल गाडीखालून काढून दोन घोड्यांवर, म्हणजे लोखंडी तिवयांवर, ठेवलेला. पहाटे मालकाची माणसं येऊन तो परत चढवणार होती. घरून फोन आला.

"बाबा, सगळे जेवले. तुम्हीच राहिलात."

"आलोच गं. डावी नळी बसवली की निघालो."

"उद्या तरी हात काळे ठेवू नका हं."

पावणेबाराला डावी नळी बसली, नट आवळले. पलीकडे जाऊन त्यानं दांडा फिरवला. जड. दोन्ही हात लावले तेव्हा कुठे हलला. तो स्वतःशीच म्हणाला, "नवीन बेअरिंग आहे. गाडी धावली की सैल होईल."

वस्तादांनी या वाक्याला कानाखाली वाजवली असती. हाताला फिरत नाही ते रस्त्यावर फिरत नाही, असं ते म्हणायचे.

फिटर नळावर हात धुवायला वळला. साबण हातात घेतला. आणि मागून आवाज आला.

खर्रर्र...

जड दांडा फिरल्याचा. मग थांबला.

त्यानं वळून पाहिलं. कुणी नाही. दांड्याच्या टोकाला खडूची खूण होती, वरच्या बाजूला. ती आता खाली होती.

मांजर म्हणावं, तर मांजराला दोन हात कुठले?

पळावंसं वाटलं त्याला. पाय उचललाही. पण भीतीपेक्षा दुसरी भीती मोठी निघाली. उद्या या ॲक्सलवर आपली पोरगी बसणार. तो परत फिरला. नट सोडले. नळी ओढली.

दोघांनी ओढायची नळी. अलगद आली.

नळीचं दुसरं टोक दिव्याच्या उजेडापलीकडे होतं. फिटरनं तिकडे पाहिलं नाही.

मोजल्या तर एक शिम कमी होती. त्यानं जमीन शोधली, फडकी झटकली, रॉकेलच्या ट्रेमधे हात फिरवला. नाही. नवी कापायला पितळेचा पत्राही संपलेला. दुकानं बंद. तो ॲक्सलपाशी उकिडवा बसला. घाम... थंडीत घाम. आणि जुन्या सवयीनं, न वळता, त्यानं हात मागे केला.

"वस्ताद... एक शिम कमी आहे हो."

हात तसाच मागे धरून ठेवला.

मग तळव्यावर काहीतरी ठेवलं गेलं. गार. तेलकट. पातळ.

ठेवणारा हात थरथरत होता...

फिटर वळला नाही. शिम घातली. भोकाला भोक जुळलं. नळी चढवली. आवळायला लागला. एक नट. दुसरा. पलीकडे दांडा फिरत होता. हळू... हळू...

"थांब."

तो थांबला. मग उठून दांड्याला बोट लावलं. ना ढिला, ना जड. जसा हवा तसा फिरला.

दुसऱ्या दिवशी गाडी घाट उतरली. आवाज नाही की धक्का नाही. "बाबा, पोचलो," असा फोन येईपर्यंत फिटर घाटाच्या तोंडाशी उभा होता. फोन आला आणि तो रस्त्यातच ढसाढसा रडला.

पोरगी अजून त्याच गाडीतून माहेरी येते. ॲक्सल मात्र त्यानंतर कुणी उघडलेला नाही. फिटर उघडू देत नाही.

का विचारता? सोमवारी त्यानं ट्रेमधलं रॉकेल ओतून टाकलं. तळाला एक शिम चिकटलेली होती. डाव्या बाजूची. हरवलेली तीच.

ही बघा. त्याला घरात ठेवायची हिंमत नाही, म्हणून माझ्याकडे दिली. धर, सांभाळून, कडेला धार आहे.

ही इथे आहे... आणि गाडी तर चालतेय.