पावणेसातची खिडकी

खिडकी पहिल्यांदा आपोआप उघडली तेव्हा मी पोळी लाटत होते. पलंगावरच्या उतरत्या छतातली खिडकी ती... आधी खट्ट आवाज, मग सावकाश वर. कुणीतरी आतून ढकलल्यासारखी. पाऊस सरळ आत! पलंगावर चढून मी ती बंद करते न करते, तोच दारावर टकटक.

खालच्या मजल्यावरचा मुलगा जर्मनमध्ये अतिशय अदबीनं सांगत होता, की माझ्या घरचं पाणी त्याच्या ताटात गळतंय. मी मराठीत पुटपुटले, "मेली खिडकी!"

"मेली कुठे? चांगली जिवंत दिसतेय," तो म्हणाला. मराठीत! आणि असा हसला, की माझी पोळी तव्यावर करपली.

तो उत्कर्ष. सांगलीचा, इथे डार्मश्टाटला गाड्यांचे ब्रेक तपासायचा. मी स्वरूपा, युनिव्हर्सिटीत संशोधन करणारी, भुताखेतांवर काडीचाही विश्वास नसलेली. पण खिडकी रोज उघडू लागली. बरोब्बर पावणेसातला. तिला मोटर होती, रिमोट होता, पण रिमोट दाबून ती कधी तसूभर हलली नाही. भूत असलंच तर जर्मन असणार, वेळ चुकवत नाही, असं मी म्हटलं. तो "गेनाऊ", म्हणजे अगदी बरोबर, म्हणाला आणि दुसऱ्या दिवसापासून साडेसहालाच चहाला हजर. पहारा द्यायला म्हणे...

दीड महिना आम्ही पहारा दिला. खट्ट वाजलं की मानेवर काटा यायचा, खोलीत ताज्या रंधलेल्या लाकडाचा वास पसरायचा, आणि त्याचा खांदा माझ्या खांद्याला लागायचा. दोघंही सरकायचो नाही.

मग त्याला उंटरश्लाइसहाइमहून नोकरी आली. म्युनिकजवळ, पार लांब. शुक्रवारपर्यंत उत्तर द्यायचं होतं. चहात साखर ढवळत, माझ्याकडे बघत त्यानं हे सांगितलं, आणि मी बावळटासारखी "छान की" म्हणाले. त्यानं जाऊ नये असं मला वाटत होतं. सरळ सांगायला काय झालं होतं? रोज म्हणायचे, उद्या सांगू.

गुरुवारी मोटर बघायला कारागीर आला. त्यानं झाकण काढलं, आत बघितलं आणि मला जवळ बोलावून दाखवलं. मोटरची वायर कुठे जोडलेलीच नव्हती. जोडायची राहूनच गेली होती.

मी तडक तळमजल्यावर, घरमालकीण फ्राउ केलरकडे गेले. तिनं शांतपणे ऐकून घेतलं. हा माळा तिच्या नवऱ्यानं स्वतः बांधायला घेतला होता. रोज कामावरून आला की पावणेसातला तो वर जाऊन खिडकी उघडायचा आणि हाक मारायचा, वर ये, आकाश बघ. ती म्हणायची, उद्या येते, भांडी पडलीत. एके दिवशी हाक आली नाही. तो त्या खिडकीखालीच गेला होता. त्यानंतर चार वर्षांत ती एकदाही जिना चढली नव्हती.

शुक्रवारी पावणेसात वाजले. खिडकी उघडली नाही.

सहा शेहेचाळीस. सत्तेचाळीस. ती शांतता मला सोसवेना. उत्कर्ष कप ठेवून उठला. "चला, पहारा संपला म्हणायचा," तो हळूच म्हणाला.

मी पलंगावर चढले आणि खिडकीची मूठ धरली. बाहेर बर्फ पडत होतं, आणि मूठ ऊबदार होती. नुकतीच कुणीतरी सोडावी तशी.

"उत्कर्ष, जाऊ नकोस," मी म्हणाले. "मला तू इथे हवा आहेस... रोज."

तो वर आला. माझ्या हातावर त्यानं हात ठेवला, आणि मुठीची ऊब त्यालाही लागली. त्यानं आधी खिडकीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"मग त्यांना काय कळवू?"

"नाही म्हणून कळव."

"ते दुपारीच कळवलंय," तो म्हणाला. "तू कधी बोलतेस, ते बघत होतो."

मी त्याला एक चापट मारली आणि मग त्याच्याच खांद्यावर डोकं टेकून रडले. दोघांनी मिळून खिडकी ढकलली. लाकडाचा वास आला, आणि पाठोपाठ जिन्यावर पावलं वाजली. सावकाश, दम खात.

दारात फ्राउ केलर उभी होती. हात अजून भांड्यांच्या फेसानं ओले.

"आले," ती म्हणाली. मग आमच्याकडे, उघड्या खिडकीकडे पाहत तिनं विचारलं, "तुमच्यापैकी मला हाक कुणी मारली?"