रेडियमच्या चांदण्या

उद्या बाळ घरी येणार, आणि आज रेवाला कळलं की त्याच्या पाळण्यावर आपण भलतंच काहीतरी चिकटवून ठेवलंय.

झालं असं. अंधारात चमकणाऱ्या वस्तू जमवायचा रेवाला भारी नाद. चांदण्या, चंद्रकोरी, मासे, सगळं 'रेडियमचं'. दुकानदार तसं म्हणतो, आपणही म्हणतोच की. त्यातल्या सगळ्या चांदण्या तिने छताला लावल्या, पाळण्याच्या बरोब्बर वर. मग घरच्या यंत्रमानवाला, ठमाजीला, सहज विचारलं, "रेडियम म्हणजे काय रे?"

"किरणोत्सारी मूलद्रव्य," ठमाजी म्हणाला. "बाळांपासून दूर ठेवावं."

रेवा धावतच बाळाच्या खोलीत गेली. शिडी लावून ती चांदण्या ओरबाडणार, तेवढ्यात आत्याआजी आली. बाबांची आत्या, अणुशास्त्रज्ञ. निवृत्त झाली, पण स्वस्थ बसेल तर शपथ.

"उतर खाली. आधी मोजू, मग रडू."

तिने पिशवीतून किरणोत्सार मोजायचं, साबणाच्या वडीएवढं यंत्र काढलं आणि पडदे ओढले. भर दुपारी खोलीत तिन्हीसांज झाली, छतावर हिरवट आभाळ उगवलं. टिक, यंत्र म्हणालं. जरा वेळाने पुन्हा टिक.

"सापडलं," रेवा रडवेली झाली.

"थांब, गॅलरीत चल."

गॅलरीतही तेच. टिक. टिक.

"किरणोत्सार (अस्थिर अणूंमधून आपोआप बाहेर पडणारी ऊर्जा) थोडाथोडा सगळीकडेच असतो. मातीत, भिंतीत, केळ्यात, तुझ्या-माझ्या अंगातही. ही त्याची रोजची चाल. चांदणीजवळ ती वाढते का, ते बघायचं."

रेवाने शिडीवर चढून एकेका चांदणीला यंत्र लावलं. चाल वाढली नाही. ती सुटकेने हसत खाली उतरली, आणि बाळाच्या खेळण्यांच्या टोपलीशी येताच यंत्र टकटकटकटक करत सुटलं.

टोपलीत जुन्या बाजारातून आणलेलं गजराचं घड्याळ होतं. त्याचे काटे चमकेनासे झाले होते, म्हणून रेवाने ते संग्रहातून काढून बाळाला खेळायला ठेवलं होतं.

"पण हे तर चमकतही नाही," ती पुटपुटली.

"खरं रेडियम याच्यातच आहे, रेवा. पूर्वी ते दीप्तिपुडीत (ऊर्जा घेऊन प्रकाश देणारी पूड) कालवून काट्यांना लावत. किरणांचा मारा सोसून पूड दमली. रेडियम हजारो वर्षं दमत नाही. तुझ्या चांदण्यांत नुसती पूड आहे. दिव्याचा उजेड पिते, अंधारात परत देते. रेडियम कधीच गेलं, नाव तेवढं राहिलं."

"मग ठमाजी खोटं बोलला?"

"रेडियमबद्दल खरंच बोलला. चांदण्यांबद्दल तू विचारलंस कुठे?"

घड्याळ न उघडता आत्याआजीने ते डब्यात बंद केलं. आतल्या रंगाची धूळ पोटात जाता कामा नये, म्हणाली. डबा प्रयोगशाळेत द्यायचा ठरला. टोपली आणि हात साबणाने धुताना रेवाचे डोळे भरून आले. बाळाने ते घड्याळ कधीतरी तोंडात घातलं असतं.

दुसऱ्या दिवशी बाळ त्या हिरवट आभाळाखाली निजलं. रेवाने पाळण्याजवळ यंत्र धरलं. टिक, आपली रोजची चाल.

"आत्याआजी, ही टिक कुठली गं?"

"मातीतली असेल. नाहीतर फार फार दूर कुठला तारा फुटला असेल, त्याच्या कणांमुळे असेल. हे यंत्र तेवढं ओळखू शकत नाही."

"मी ओळखणारं बनवीन," रेवा म्हणाली.

पुन्हा टिक झाली. बाळाने डोळे उघडले. रेवा त्याच्या कानाशी वाकली.

"घाबरू नको हं. तुला बघायला कोणीतरी खूप लांबून आलंय."