पडू न देणारा हात

राज्य आरोहण स्पर्धेत त्या वर्षीही कोणी पडलं नाही. चार मजली कृत्रिम भिंतीवर मुलंमुली सरसर चढत होती. खाली जाड गाद्या अंथरायची पद्धत केव्हाच बंद झाली होती. कमरेचा दोर तेवढा नियमात उरला होता, म्हणून बांधायचा. लोक टाळ्या वाजवत होते, पण श्वास रोखून कोणी पाहत नव्हतं.

अंतिम फेरीत मात्र एक विचित्र गोष्ट घडली. भिंत बांधणाऱ्यांनी वरच्या टप्प्यात एक खोबण मुद्दाम लांब ठेवली होती. दोन्ही हात सोडून झेप घेतली तरच ती हाती लागणार. पहिला स्पर्धक तिथवर गेला, थांबला आणि शांतपणे खाली उतरला. दुसरीही तिथेच थांबली. मग तिसरा. सगळे एकाच जागी, जवळजवळ एकाच पवित्र्यात.

शेवटी हर्षला तोडकर चढली. गेली काही वर्षं ती राज्यात पहिली येत होती.

"सोड हात! झेप घे!" खालून दोर धरून उभे असलेले तिचे प्रशिक्षक शिंत्रे सर ओरडले.

हर्षलाला झेप घ्यायचीच होती. मनातल्या मनात तिने हात सोडलाही. पण बोटं खोबणीला चिकटून राहिली. ती दुखत नव्हती, थकली नव्हती. फक्त तिचं ऐकत नव्हती. तिने दात खाऊन पुन्हा जोर लावला. बोटांची पकड उलट घट्ट झाली.

"सुटत नाहीये, सर," ती वरून म्हणाली. तिचा आवाज अगदी स्थिर होता. त्या स्थिरपणाचीच तिला भीती वाटली.

पहिला क्रमांक सगळ्यांना वाटून दिला गेला.

ही सगळी किमया सावरकाची होती. तांदळाच्या दाण्याएवढं हे यंत्र डोक्याच्या मागच्या बाजूला, लहान मेंदूवर बसवलं जाई. शरीराचा तोल आणि हालचालींचा नेमकेपणा लहान मेंदू सांभाळतो. सावरक त्याच्याकडून निघणारा प्रत्येक संदेश वाचायचा. पाऊल चुकीचं पडणार असेल तर ते पडण्याआधीच, डोळ्याचं पातं लवायच्या आत, स्नायूंना दुरुस्त संदेश द्यायचा. आधी तो खेळाडूंना मिळाला, मग शाळांमधून मुलांना. पोरांचे गुडघे फुटणं थांबलं. आईबाप निर्धास्त झाले. हर्षलाला तो बसवला तेव्हा ती चौथीत होती.

डॉ. नीरजा बोंद्रे यांनी सावरकाच्या पहिल्या आराखड्यावर काम केलं होतं. हर्षला त्यांच्या प्रयोगशाळेत जाऊन बसली आणि तिने सरळच विचारलं, "मॅडम, माझा हात माझं का ऐकत नाही?"

"कारण सावरकाच्या मते ती झेप चूक आहे. तू ती आजवर कधी घेतलेली नाहीस. पहिल्या प्रयत्नात तू नक्की पडशील, आणि पडणं तो होऊ देत नाही."

"मग मी शिकू कशी?"

"तेच तर," बोंद्रे म्हणाल्या. "लहान मेंदू शिकतो तो चुकांवर. तू ग्लास उचलायला हात पुढे केलास आणि तो जरा पलीकडे गेला, तर मेंदूला एक संदेश पोचतो, 'फसलं.' त्या संदेशाने पेशींमधल्या जोडण्या बदलतात आणि पुढच्या वेळी हात बरोबर पडतो. तान्ह्या बाळापासून सगळे असेच शिकतात. सावरक चूक होऊच देत नाही. म्हणजे तो संदेशही कधी निघत नाही."

"म्हणजे मी जे चढते ते..."

"सावरक चढतो. तू सोबत असतेस."

हर्षलाला एकदम सावरकाआधीचा उन्हाळा आठवला. शिंत्रे सर तेव्हा नुकतेच तिला शिकवू लागले होते. पाय निसटला की ते दोर हातभर सैल सोडायचे. मग अलगद अडवायचे आणि विचारायचे, "सांग बघू, का पडलीस?" ती रडत रडत सांगायची. उत्तर बरोबर आलं की पुन्हा चढवायचे. तिला आज जे काही स्वतःचं म्हणून येत होतं, ते त्याच उन्हाळ्यातलं होतं.

"बंद करता येईल?" तिने विचारलं.

उत्तरादाखल बोंद्रेंनी तिला भक्कम हातांच्या खुर्चीत बसवलं आणि थोडा वेळ सावरक बंद केला. खोली एका बाजूला कलल्यासारखी झाली. समोरचा पाण्याचा पेला घ्यायला तिने हात पुढे केला, तो पेल्यावर जाऊन आदळला. उठायला गेली तर गुडघे वेगवेगळ्या दिशांना गेले. चौथीतली हर्षला यापेक्षा नीट उभी राहत होती. बोंद्रेंनी घाईने यंत्र सुरू केलं. एका क्षणात ती ताठ बसली, केसांवरून हातही सफाईने फिरला. आपण आपल्याच अंगात कोंडले गेलो आहोत, असं तिला वाटलं.

"चालण्यापासून सुरुवात करावी लागेल," बोंद्रे म्हणाल्या. "होईल. पण एकटीने नाही. एकटी पडलीस तर हाड मोडून घेशील. सारखं कुणी धरून ठेवलं तर शिकणारच नाहीस. यंत्राला फक्त चूक ओळखता येते. कुठली चूक होऊ द्यायची आणि कुठे अडवायचं, हे ओळखणारा माणूस लागतो. तसे प्रशिक्षक आता राहिलेत कुठे? आजचे सगळे सावरक घेऊनच वाढलेत."

"माझे सर आहेत," हर्षला म्हणाली.

शिंत्रे सरांनी एका शब्दानेही आढेवेढे घेतले नाहीत. "ये. पहिल्यापासून करू," एवढंच म्हणाले. त्यांच्या जुन्या व्यायामशाळेत एक बुटकी भिंत अजून उभी होती. सरांनी कुठूनतरी गाद्या पैदा केल्या, उन्हात वाळवल्या आणि स्वतः अंथरल्या. हर्षलाच्या कमरेला दोर बांधताना ते कितीतरी दिवसांनी गुणगुणत होते.

बोंद्रेंनी सावरक बंद केला. हर्षला थरथरत भिंतीला भिडली. पहिल्या खोबणीवर पाय ठेवला, दुसरा उचलला आणि तोल गेला. ती आनंदाने किंचाळली. पण बोटभरही खाली आली नसेल तोच दोर ताठ झाला.

"सर, थोडं पडू द्या ना!"

"चुकलं बघ. आता देतो."

दुसऱ्या वेळीही तेच, आणि तिसऱ्या वेळीही. ती लोंबकळत राहिली. मेंदूपर्यंत काही पोचावं इतकंही पडणं तिच्या वाट्याला येईना.

"सर?"

शिंत्रे सर स्वतःच्या मुठीकडे बघत होते. कपाळावर घाम डवरला होता. "सोडतोय गं," ते म्हणाले. "मी सोडतोय. पण दोराला हिसका बसला की मूठ उघडतच नाही."

बोंद्रे पुढे झाल्या. "सर, तुम्हीसुद्धा...?"

"गेल्या हिवाळ्यात मोरीत पाय घसरला. खुब्याचं हाड मोडलं. मुलगा ऐकेना. आता सगळ्याच म्हाताऱ्यांना बसवतात तो." ते ओशाळून हसले. "हिच्या दोराला गेल्या कित्येक वर्षांत हिसकाच बसला नव्हता. मला कळणार कसं?"

म्हाताऱ्यांच्या सावरकाचा पहिला नियम बोंद्रेंनीच लिहिला होता. कठडा धरलेली मूठ हिसक्याने सुटता कामा नये. माणूस जिन्यावर आहे की शिष्येचा दोर धरून उभा आहे, हे त्या नियमात कुठेच नव्हतं.

"माझाही बंद करा," सर म्हणाले.

"सर, तुमचं हाड अजून पुरतं जुळलेलं नाही. पुन्हा पडलात तर उठणार नाही."

"तो माझा प्रश्न आहे. हिला शिकवायचं तर मला हात सोडता यायला हवा. करा बंद."

हर्षलाने वरून पाहिलं. सरांचे पाय काटकुळे झाले होते. दोराच्या भाराने ते सारखे पुढे ओढले जात होते आणि सावरक त्यांना सारखा मागे आणून उभं करत होता. ते भार पेलत होते ते त्याच्याच जोरावर. तो नसता तर तिच्या पहिल्या पडण्याबरोबर सर आपटले असते.

"नको, मॅडम," ती म्हणाली.

"हर्षे, गप्प बस!" सर ओरडले. "पुन्हा कोण शिकवणार आहे तुला?"

त्याचं उत्तर तिघांनाही माहीत होतं.

"माझा चालू करा," हर्षला म्हणाली.

बोंद्रेंनी कळ दाबली. लटपटणारे पाय जागच्या जागी आले. तिला हुंदका आला होता. पण श्वास अडखळणं हीसुद्धा सावरकाच्या लेखी एक चूकच होती. हुंदका गळ्यातच विरला आणि श्वास संथ, एका लयीत चालू झाला.

ती भिंतीवरून सफाईने उतरली. सरांनी मूठ उघडली; आता दोर सैल होता, त्यामुळे ती लगेच उघडली. त्यांनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. डोळ्यांत पाणी होतं, पण ओठ जराही थरथरत नव्हते.

"रड गं," ते हळूच म्हणाले. "रडून तरी घे."

"येत नाहीये, सर," हर्षला स्थिर आवाजात म्हणाली.